आमच्या गावाची छापील नोंद

मुंबईच्या दैनिकात आपल्या गावाचे नाव यायचे असेल, तर गावावर काहीतरी संकट कोसळावे लागते. बोट उलटावी लागते, दरड कोसळावी लागते किंवा वादळ किनाऱ्याला येऊन थडकावे लागते. जिल्ह्याच्या दैनिकाची रीत निराळी. उधाणाच्या पाण्याने खारबंदिस्तीच्या बांधाला खांड गेली, नळयोजनेचा पंप जळाला, बुद्धजयंतीला वाडीतल्या मुलांनी मिरवणूक काढली, एखाद्या मुलीने दहावीला केंद्रात पहिला क्रमांक मिळविला, एवढ्यावरही तेथे गावाचे नाव छापून येई. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण या किनारपट्टीवर लहानाचे मोठे झालेल्या आमच्यासारख्यांना आपले गाव छापील अक्षरांत प्रथम भेटले, ते अशाच चार ओळींच्या बातमीत.

त्या दैनिकांचे दिवस आता सरत आले आहेत. काही बंद पडली, काही चार पानांवर आली, काही केवळ मोबाइलवरील पानांच्या रूपाने उरली. या स्मरणिकेत शाळेविषयीच्या आठवणी अनेक जण लिहितील आणि त्या लिहिल्या जाव्यातच. आम्ही मात्र, या शाळेच्या वसतिगृहात एकत्र राहून शिकलेले काही माजी विद्यार्थी, जिल्ह्याच्या दैनिकाविषयी लिहिणार आहोत. या कागदाचे मोल आम्हांला याच वास्तूत कळले. तो नाहीसा झाला तर आपल्या समाजाचे नेमके काय हरपेल, हे वेळीच बोलून ठेवणे आवश्यक वाटते.

आमच्या वेळी वसतिगृहात दोन वृत्तपत्रे येत. एक मुंबईचे, दुसरे जिल्ह्याचे. पहिल्या एसटीने गठ्ठा येई. पावसाळ्यात रस्त्यावर झाड पडले किंवा खाडीचे पाणी चढले, की तोच गठ्ठा दुपारी येई. मुंबईच्या अंकाची पाने क्रिकेटसाठी मोठी मुले वाटून घेत, त्यामुळे लहानांच्या वाट्याला जिल्ह्याचे दैनिक राही. सायंकाळच्या वंदनेनंतर एका विद्यार्थ्याने उभे राहून बातम्या वाचाव्यात, असा अधीक्षक सरांचा दंडक होता. आधी देशाची बातमी, मग राज्याची, मग जिल्ह्याची. शेवटी मात्र आम्हांला कंटाळा येईल असा भाग असे : जाहीर नोटिसा. वकिलांच्या सहीच्या त्या बारीक टाइपातल्या मजकुरात गट नंबर, हिस्सा नंबर, आकार, चतुःसीमा असे रुक्ष शब्द असत. एकदा एकाने धीर करून विचारले, “सर, हे कशाला वाचायचे? यात बातमी तर काहीच नसते.” सर म्हणाले, “बाळांनो, बातमी बहुधा दुसऱ्याची असते. नोटीस आपली असू शकते.”

त्यांच्या बोलण्याचा अर्थ आम्हांला पुढे एका नोटिशीने समजला. आठवीतला एक मित्र वाचता वाचता अडखळला. त्याच्याच गावाचे नाव होते. अमुक गट नंबरची जमीन एक खरेदीदार घेणार असून, तिच्यावर कोणाचा वारसाहक्क, गहाण, दान, वहिवाट किंवा अन्य हितसंबंध असल्यास त्याने चौदा दिवसांच्या आत लेखी पुराव्यासह कळवावे, अन्यथा असा हक्क नाही किंवा तो सोडून दिला आहे असे समजले जाईल, असा तो नेहमीचा मजकूर होता. ती जमीन त्याच्या पणजोबांच्या वतनाची होती. घरातली तीन भावंडे मुंबईला गिरणीत कामाला गेलेली, दोन चुलत घराणी आणखी कोठे. सातबाऱ्यावर वारसांची नोंद अर्धवट राहिलेली होती आणि एका दूरच्या हिस्सेदाराने परस्पर व्यवहार ठरविला होता. सरांनी तो अंक त्याच्या हाती दिला आणि शनिवारच्या एसटीने त्याला घरी पाठविले. मुंबईला निरोप गेला, जुने कागद ट्रंकेतून निघाले आणि अकराव्या दिवशी पोचपावतीसह हरकत पोस्टात पडली. व्यवहार थांबला. पुढे सर्व वारसांची नावे लागली. त्या जागेवर आज दोन घरे उभी आहेत आणि त्यांतल्या एका घरातील मुलगी याच शाळेत शिकून गेली.

आपल्या समाजाला या प्रसंगाचे महत्त्व विस्ताराने सांगण्याची गरज नाही. महार वतने १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने संपुष्टात आली आणि त्या जमिनी ठरावीक रक्कम भरून वतनदारांना परत देण्यात आल्या. मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या हस्तांतरित करता येत नाहीत. कायद्याने संरक्षण दिले, पण संरक्षण मागायला माणूस वेळेवर जागेवर हवा. आपली माणसे तर मुंबईच्या चाळींत, गोदीत, गिरणीत, नंतर नवी मुंबईच्या वसाहतींत विखुरलेली. गावात राहिलेली म्हातारी माणसे आणि मुंबईत गेलेली तरुण माणसे यांच्यामध्ये जे दोन-चार दुवे होते, त्यांत एसटीने येणारा हा कागद होता.

छापील शब्दाशी आपले नाते याहून जुने आहे आणि ते याच जिल्ह्यात घडले आहे. रायगड हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता, त्या काळात, १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली आणि बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली. तेव्हा बाबासाहेबांच्या हाती स्वतःचे पत्र नव्हते. ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या आर्थिक साहाय्याने सुरू झालेले ‘मूकनायक’ १९२३ मध्येच बंद पडले होते. त्या ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, हे आपण सारे जाणतो. महाडहून परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर जे घडले, त्याची हकीकत आपल्या बाजूने, आपल्या शब्दांत नोंदविली गेली नाही, तर ती इतरांच्या शब्दांत कायमची नोंदविली जाईल, हे त्या माणसाने ओळखले होते. पुढे ‘समता’, मग १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’. पैशाची चणचण कधीही संपली नाही, तरी पत्र काढण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही.

किनाऱ्यावर तीच गोष्ट दुसऱ्या रूपाने घडली. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ मध्ये खोतांविरुद्ध संप पुकारला आणि सुमारे सहा वर्षे जमिनी नांगराविना ठेवल्या. १९३४ मध्ये बाबासाहेब चरीला आले, शेतकऱ्यांसमोर बोलले आणि पुढे १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. त्याच १९३७ मध्ये संपाचे नेते नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने ‘कृषीवल’ सुरू झाले, जे पुढे अलिबागचे दैनिक म्हणून जिल्ह्यात रुजले. ज्याची बाजू कोणी छापत नाही, त्याने स्वतः छापखान्याकडे वळावे, हा धडा या मातीने दहा वर्षांच्या अंतराने दोनदा गिरविला आहे.

याचा अर्थ जिल्ह्याची दैनिके निर्दोष होती, असा नव्हे. बहुतेकांच्या मागे एखादा पक्ष किंवा पुढाऱ्याचे घराणे उभे असे. निवडणुकीच्या काळात कोणत्या अंकात कोणाची सभा विराट होणार, हे आधीच सांगता येई. आपल्या वाड्यांच्या पाण्याच्या तक्रारी कित्येकदा चार-चार आठवडे पडून राहत. तरीही एक गोष्ट खरी, की बातमीदार तालुक्याच्या ठिकाणी एसटी स्टँडजवळ भेटत असे. बातमी चुकली तर त्याला हटकता येई, “अहो, आमच्या वाडीचे नावच चुकीचे छापले,” असे सांगता येई आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती येई. आम्हांला आठवते, निधनवार्तेत आपल्या माणसांच्या नावापुढे सवयीने ‘कै.’ छापले जाई. बौद्ध माणूस कैलासवासी कसा होईल? वाडीतल्या कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या बातमीदाराकडे हा आग्रह वर्षानुवर्षे धरला आणि हळूहळू ‘कालकथित’ हा शब्द, ‘जलदानविधी’ आणि ‘पुण्यानुमोदन’ यांसह, जिल्ह्याच्या छापील मराठीत रूढ झाला. ज्यांच्या आजोबांच्या मृत्यूची कोठेही नोंद झाली नाही, त्यांच्या नातवंडांनी बापाच्या निधनाची छापील चार ओळींची बातमी कापून घरातल्या तसबिरीच्या मागे जपून ठेवली. त्या चार ओळींचे मोल परक्या माणसाला समजणे कठीण आहे.

मग ही दैनिके क्षीण का झाली? वाचकांनी वाचणे सोडले, एवढ्यावर या प्रश्नाची बोळवण करता येणार नाही. वृत्तपत्राच्या विक्रीतून त्याचा छपाईखर्चही भागत नाही. अंकाच्या किमतीतून विक्रेत्याचा हिस्सा वजा जातो आणि उरलेल्या रकमेत कागदाचे पैसेही निघत नाहीत. तूट भरून काढतात त्या जाहिराती. जिल्ह्याच्या दैनिकाला मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती मिळत नसत. त्याचे पोट भरे ते वाढदिवसाच्या अभीष्टचिंतनावर, श्रद्धांजलीवर, दुकानाच्या उद्घाटनावर, दिवाळीच्या शुभेच्छांवर, शासकीय निविदांवर आणि जाहीर नोटिसांवर. यांतील वाढदिवस फ्लेक्सवर गेला, श्रद्धांजली व्हॉट्सॲपवर गेली, निविदा संगणकावर गेल्या. दहावीचा निकाल पूर्वी वृत्तपत्रात बैठक क्रमांकांच्या रांगांनी छापून येई आणि त्या दिवशी अंक हातोहात संपत, तोही मोबाइलवर गेला. प्रत्येक गोष्ट गेली तेव्हा ती क्षुल्लक वाटली. एकत्रित हिशेब केला तर दैनिकाचा संसारच उठून गेला.

त्यात कागदाचा भाव. भारतातील वृत्तपत्रे मोठ्या प्रमाणात आयात कागदावर चालतात. २०१९ च्या अर्थसंकल्पात या कागदावर दहा टक्के सीमाशुल्क लागले, जे पुढील वर्षी पाच टक्के करण्यात आले. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर भाव पुन्हा भडकले. मोठी वृत्तपत्रे हा फटका सोसू शकली. तालुक्याच्या बातमीदाराला मानधनही जेमतेम देणाऱ्या पत्राने पाने कमी केली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, घरोघर अंक टाकणे थांबले आणि ज्यांची सवय एकदा सुटली, त्यांतील बरेच जण परतलेच नाहीत. पहाटे उठून सायकलवर अंक टाकणारी मुलेही आता गावात मिळत नाहीत.

हे केवळ आपल्याकडे घडते आहे असे नाही. अमेरिकेसारख्या संपन्न देशात २००५ पासून एक-तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली असून, जेथे स्थानिक बातमी देणारे कोणीही उरले नाही अशा जिल्ह्यांना तेथील अभ्यासक बातम्यांचे वाळवंट म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर असे वाळवंट कसे दिसते, ते आम्ही निसर्ग चक्रीवादळात पाहिले. ३ जून २०२० रोजी ते रायगडच्या किनाऱ्याला धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबागकडील सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले-पत्रे उडाले, विजेचे खांब पडले आणि मोबाइलची सेवा कित्येक दिवस बंद राहिली. मुंबईला असलेले आमचे मित्र गावच्या खुशालीसाठी तळमळत होते. टाळेबंदीने कागद आधीच विस्कटला होता, वादळाने मोबाइल बंद केला. शासनाने पूर्ण पडलेल्या घरासाठी दीड लाख रुपये आणि बागायतीसाठी हेक्टरी पन्नास हजार रुपये अशी वाढीव मदत जाहीर केली. परंतु पंचनामा कोठे करून घ्यायचा, कागद कोणते लागतात, यादीत नाव नसल्यास कोणाकडे जायचे, हे वाड्या-वाड्यांपर्यंत तोंडी पोहोचले आणि तोंडी गोष्ट वाटेत बदलते. नेमक्या त्याच वेळी गावाला छापील, एकसारख्या, सर्वांना दाखवता येईल अशा मजकुराची सर्वाधिक गरज होती.

“बातम्या तर आता मोबाइलवर क्षणात मिळतात,” असे आमचीच मुले आम्हांला सांगतात. ते खरे आहे. पण बातमी मिळणे आणि बातमी नोंदली जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वृत्तपत्राच्या अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात. ती छापणे कायद्यानेच बंधनकारक केले आहे. चुकीचे छापले तर जाब कोणाला विचारायचा, हे वाचकाला ठाऊक असते. फिरत्या संदेशाला ना मुद्रक असतो ना प्रकाशक. तो आज आला, उद्या पुसला गेला आणि पाच वर्षांनी तलाठी कार्यालयात किंवा न्यायालयात तो दाखवायला कोणापाशीही नसतो.

यातला धोका जमिनीच्या बाबतीत सर्वांत तीव्र आहे. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली, अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत खुला झाला, विरार–अलिबाग मार्गिका आणि रेवस–रेड्डी सागरी महामार्ग यांची कामे व चर्चा सुरू आहेत. मुंबई जवळ येत आहे आणि जमिनीचा भाव वाढत आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत, त्यांतील एका प्रादेशिक भाषेच्या दैनिकात, प्रसिद्ध व्हावी लागते आणि हरकतीसाठी साठ दिवसांची मुदत असते. खाजगी खरेदीच्या नोटिसाही अजून वृत्तपत्रांतूनच निघतात. म्हणजे कायदा आजही गृहीत धरतो, की गावातला माणूस दैनिक वाचतो. गावात मात्र ते कोणी वाचत नाही. नोटीस प्रसिद्ध होते, मुदत संपते, कागदोपत्री सारे यथासांग पार पडते आणि ज्याच्यासाठी नोटीस काढली, त्याच्या कानी काहीच जात नाही. आमच्यापैकीच एका मित्राच्या घराण्याला काही वर्षांपूर्वी जमिनीचा व्यवहार समजला, तो तारेचे कुंपण पडल्यावर. नोटीस छापली गेली होती, पण तो अंक त्यांच्या गावात एकाही घरी येत नव्हता. केवळ नोटीस निघाली म्हणून हक्क बुडत नाही, असे वकील सांगतात. तथापि खरेदीखत नोंदले जाऊन फेरफार झाल्यावर तोच हक्क सिद्ध करण्यासाठी न्यायालयाच्या किती फेऱ्या माराव्या लागतात, हे ते घराणे आज अनुभवत आहे. एका घराण्याला दोन रुपयांच्या अंकाने वाचविले आणि दुसरे त्याच अंकावाचून कोर्टाच्या दारी उभे राहिले, एवढाच काय तो या दोन हकिगतींतील फरक.

म्हणून या लेखाचा शेवट केवळ हळहळीने करणे आम्हांला उचित वाटत नाही. दैनिके वाचविण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्या हातात जे आहे, ते तरी करावे. आमच्या तुकडीने विचारविनिमय करून तीन गोष्टी ठरविल्या आहेत आणि त्या समाजासमोर नम्रपणे मांडतो.

पहिली, आपल्या गावच्या बुद्धविहारात जिल्ह्याच्या एका दैनिकाची वार्षिक वर्गणी मुंबईकर मंडळाने भरावी आणि अंक तेथेच राहू द्यावेत. वर्षाची ती रक्कम एका फ्लेक्सच्या खर्चापेक्षा फारशी अधिक नसते. जेथे अंक पोहोचत नाही, तेथे त्याची मोबाइलवरील पाने रोज उतरवून जाहीर नोटिसांचे पान तेवढे कागदावर छापावे आणि फलकावर लावावे.

दुसरी, विहारात रविवारच्या वंदनेनंतर त्या आठवड्यातील नोटिसा कोणीतरी मोठ्याने वाचाव्यात. गावाचे नाव आणि गट नंबर एवढे ऐकले तरी पुरे. जुनी माणसे गट नंबर विसरत नाहीत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही यातून वंचित राहावे लागणार नाही.

तिसरी विनंती शाळेला आहे. जिल्ह्याच्या दैनिकाचे जे अंक शाळेत येतात, त्यांची दर महिन्याची बांधीव फाइल करावी आणि ग्रंथालयात ठेवावी. कोणत्या वर्षी कोणत्या बांधाला खांड गेली, कोणत्या वाडीत प्रथम नळ आला, कोणाचे पुण्यानुमोदन कधी झाले, हे उद्या पाहायचे झाल्यास मोठ्या शहरांतील ग्रंथालयांत ते सापडेलच, असा भरवसा आम्हांला वाटत नाही. ते सापडले तर येथेच सापडेल. विद्यार्थ्यांनीही आपल्या गावच्या बातम्या नाव, ठिकाण, तारीख तपासून लिहाव्यात आणि दैनिकाकडे पाठवाव्यात. बातमीदार उरले नसतील, तर ते काम शिकून घेणे भाग आहे.

या वर्षी पाच विहारांची वर्गणी आमच्या तुकडीने भरली आहे. त्या पाच गावांची यादी शाळेच्या कार्यालयात ठेवली असून, तिच्याखाली मुद्दाम मोकळी जागा सोडली आहे. इतर तुकड्यांतील बंधु-भगिनींनी आपापल्या गावांची नावे तेथे लिहावीत.